उताणं पडा, बोलू नका

माणसांना आडवं पाडायचं, मग बसवायचं, मग उभं करायचं, ही व्हर्ना कांगासची नोकरी. हसू नका. डुलुथ गावच्या विद्यापीठात तळमजल्यावर एक खोली आहे, तिला खिडकी नाही, आणि त्या खोलीत व्हर्नानं निम्म्या गावाला उताणं पाडलेलं आहे. छातीवर चिकट चकत्या लावायच्या, एक घोट्याजवळ लावायची, वायरी जोडायच्या आणि म्हणायचं, "उताणं पडा, हातपाय सैल सोडा, बोलू नका." काचेपलीकडं संगणकावर ठोक्यांची रेघ पळायला लागते. थोड्या वेळानं माणसाला खुर्चीत बसवायचं, पुन्हा रेघ. मग उभं करायचं, पुन्हा रेघ. झालं, कपडे घाला, बाहेर कॉफी ठेवलीय ती घ्या.

येणारी माणसं सगळी धडधाकट. आजाऱ्याला इथं प्रवेशच नाही. मग धडधाकट माणसाचं एवढं बघायचं तरी काय, असं येणारा प्रत्येक जण विचारतो, आणि व्हर्ना प्रत्येकाला तेच सांगते. तुम्हाला वाटतं चांगलं हृदय घड्याळासारखं चालतं. अजिबात नाही. दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं कमीजास्त होत असतं. श्वास आत घेतला की ठोके जवळ येतात, सोडला की लांब जातात. माणूस निवांत पडलेला असला की हे अंतर भरपूर हलतं. त्याला उभा केला की रक्त पायांकडं उतरतं, हृदयाची धांदल उडते आणि ठोके एका मापानं पडायला लागतात. कुणाचं अंगाच्या कुठल्या स्थितीत किती हलतं, ते आम्ही मोजतो.

"म्हणजे हृदय जेवढं ऐसपैस तेवढं बरं?" मागं एकानं विचारलं होतं.

"साधारण तसंच."

"हे जरा लिहून द्या हो. माझी बायको मला आळशी म्हणते."

पूर्वी अशा बोलण्यावर व्हर्ना खळखळून हसायची. आता ओठ ताणायची, आणि लोकांना तेवढं पुरायचं.

त्या खोलीची एक रीत होती. सकाळी पहिला माणूस यायच्या आधी यंत्र नीट चालतंय का ते बघायला व्हर्ना स्वतःलाच चकत्या लावून कॉटवर पडायची. मग बसायची, उभी राहायची. डॉक्टर प्रिसिला ट्रेव्हिनो काचेपलीकडं बसून रेघ तपासायच्या. या डॉक्टरीणबाई टेक्ससहून आलेल्या, व्हर्नापेक्षा वयानं बऱ्याच लहान, कामाला कडक आणि मनानं चांगल्या. व्हर्नाची रेघ त्यांना तोंडपाठ होती. आडवी झाली की अंतरं कशी मोकळी व्हायची, उभी राहिली की कशी आखडायची. शिकायला आलेल्या पोरांना दाखवायला त्या व्हर्नाचीच रेघ काढायच्या.

गेल्या शरदात व्हर्नाचा नवरा रायनो गेला. तेव्हापासून ती रेघ बदलली. आडवी पडली तरी ठोके सरळ रांगेत, एकाला एक लागून, उभ्या माणसाचे असावेत तसे. कॉटवर ती पडलेली असायची, पण आत काहीतरी उभंच असायचं.

"व्हर्ना, झोप लागते ना तुम्हाला?" डॉक्टरीणबाईंनी एकदा विचारलं.

"लागते की."

"आणि जेवण?"

"बरं चाललंय."

आता यावर काय बोलणार? आमच्या गावात माणसाचं घर पेटलं तरी तो सांगेल, तसं काही वाईट नाही, ऊब तरी मिळतेय. रडायचं नाही, मागायचं नाही, कुणाला त्रास द्यायचा नाही. कुणी कॉफी पुढं केली तर पहिल्यांदा "नको" म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं तरी "नको, खरंच नको." तिसऱ्यांदा विचारलं की मग "बरं, घोटभर." दोनदा विचारून जो गप्प बसतो त्याच्या मनात द्यायचं नव्हतंच, असं समजायचं. बाहेरून आलेल्यांची यात पार दैना होते. डॉक्टरीणबाई पहिल्या वर्षी घरी आलेल्यांना उपाशीच परत पाठवायच्या, कारण त्यांना पहिलाच नकार खरा वाटायचा, आणि त्यांचा स्वतःचा तर खराच असायचा.

रायनो खनिजाच्या धक्क्यावर कामाला होता, जहाजं भरायचा. दांडगा गडी. निवृत्त झाल्यावर गोठलेल्या तळ्याच्या बर्फावर मासे धरायचे, सौना, म्हणजे वाफ घ्यायची खोली, तापवायची, टीव्हीवर हॉकी बघायची आणि पंचांना शिव्या द्यायच्या, असा त्याचा दिवस जायचा. गेल्या उन्हाळ्यात तो बैठकीतल्या मागं रेलायच्या खुर्चीतच झोपायला लागला. पाठ धरते म्हणाला. व्हर्ना टीव्ही बंद करून दारात उभी राहायची.

"येतोस ना आत?"

"नको, इथंच बरं वाटतं."

"खरंच?"

"खरंच गं. जा तू, झोप."

आणि ती जायची. दमलेली असायची, शिवाय खरं सांगायचं तर पलंग सगळा एकटीला मिळायचा, तेही तिला बरं वाटायचं. एके सकाळी ती कॉफी घेऊन बाहेर आली तेव्हा तो खुर्चीतच गेलेला होता.

हृदय थकलं होतं, फुप्फुसांत पाणी भरलं होतं, असं नंतर कळलं. रुग्णालयातल्या बाईनं अगदी हळू आवाजात विचारलं, "झोपताना ते उशा वाढवून घेत होते का? आडवं पडलं की दम लागायचा का?" दिवसभर लोकांना आडवं पाडून त्यांची हृदयं बघणाऱ्या बाईला हा प्रश्न! व्हर्ना म्हणाली, "मी विचारलं नाही." त्या बाईनं तिच्या हातावर हात ठेवला. तो हात व्हर्नाला जाणवला नाही, आणि त्यानंतर फारसं काहीच जाणवलं नाही.

मयतीनंतर घरात हॉटडिशचे, भट्टीत भाजलेल्या जेवणाच्या ट्रेंचे, थर लागले. गावातल्या प्रत्येक बाईनं आपापला बटाट्याच्या गोळ्यांचा, मशरूमच्या सूपचा ट्रे आणून दिला. व्हर्नानं सगळे फ्रीजरमध्ये रचले, सगळ्यांना आभाराची कार्डं पाठवली, रिकामे होतील तसे ट्रे धुऊन ज्याचे त्याला परत केले. रविवारी चर्चला गेली, सोमवारी कामावर. नणंद कौतुकानं सांगत फिरायची, "आमची व्हर्ना म्हणजे खंबीर हो!" कसली खंबीर? हलायला आत काही असावं तरी लागतं. एकदा तिनं चुलीवरचा तवा उघड्या हातानं उचलला आणि बोटं भाजल्याचं तिला वासावरून कळलं. कॉफी नुसती गरम लागायची. रायनोचं नाव कुणी काढलं की ती त्यांच्या तोंडाकडं बघत राहायची, आणि ते बिचारे गडबडून हवामानावर यायचे.

हिवाळा सरत आला तेव्हा अभ्यासाला साठीच्या पुढचे पुरुष कमी पडायला लागले. तरुण पोरं हवी तेवढी यायची, म्हातारे येत नव्हते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "व्हर्ना, तुमच्या ओळखीतले कुणी बघा ना." चर्चनंतरच्या कॉफीला व्हर्नानं ड्वेन लिंडक्विस्टला गाठलं. ड्वेन रायनोचा जुना दोस्त, धक्क्यावरचा जोडीदार. तळ्यावर बर्फात खोपटं टाकून दोघं तासन्‌तास बसायचे आणि एकमेकांशी अवाक्षर न बोलता खूश होऊन घरी यायचे. त्यानं रिवाजाप्रमाणं दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा विचारायच्या आधीच त्याच्या बायकोनं, मर्लिसनं, तोंड घातलं.

"ने गं बाई ह्याला. हिवाळाभर घरात नुसता बसून आहे. बर्फावर जायचं नाव नाही. कपाटाला घालावा तसा वळसा घालून जावं लागतं मला."

"तब्येत बरी आहे ना तुझी?" व्हर्नानं विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं.

"घोड्यासारखी," ड्वेन म्हणाला.

घोडा दोन दिवसांनी आला. आल्या आल्या, मोज्यांना भोकं नाहीत ना ते मर्लिसनं दारातच तपासून पाठवलंय, असं त्यानं जाहीर केलं. सगळ्या प्रश्नांना नाही, नाही, नाही अशी उत्तरं दिली. व्हर्नानं त्याला कॉटवर बसवलं, छातीवर चकत्या लावल्या. घोट्याची चकती लावायला मोजा खाली केला तर मोज्याच्या रबराची खोल चर सुजलेल्या मांसात उमटलेली. तिनं चकती दाबली, अंगठा उचलला. अंगठ्याचा खळगा तसाच राहिला. व्हर्नानं तो पाहिला. भिंतीवरचं कॅलेंडर पाहावं तसा पाहिला आणि वायर जोडली.

"उताणं पड. हातपाय सैल सोड. बोलू नकोस."

ड्वेन आडवा झाला. त्या कॉटवर एकच पातळ उशी असते, सगळ्यांना सारखीच, त्यात बदल करायचा नाही हा नियम.

"अजून एक उशी मिळेल का गं?"

"नाही मिळत इथं."

"बरं, बरं. मी आपलं विचारलं."

व्हर्ना कॉटशेजारच्या संगणकापाशी बसली. काचेपलीकडं डॉक्टरीणबाई दुसरा पडदा बघत होत्या. रेघ पळायला लागली. आडवं झाल्यावर दोन-तीन मिनिटांत हृदय सैलावतं, हे व्हर्नानं इतक्यांदा पाहिलं होतं की वाट बघायचीही गरज नसायची. ड्वेनचं सैलावेना. ठोके भरभर, सगळे एका मापाचे. तो खोकला. टाचा कॉटवर घासल्या. मग एका कोपरावर जरासा उठला, श्वास घेतला आणि परत पडला.

माणूस हलला की रेघ बिघडते, आणि तेवढा भाग नंतर गाळून टाकता यावा म्हणून संगणकावर एक कळ दाबून खूण करायची असते. व्हर्नानं कळ दाबली. ड्वेन पुन्हा कोपरावर आला. तिनं पुन्हा दाबली. त्या कळेला तिथं सगळे चुळबुळ म्हणतात. चुळबुळ्या माणूस, वाया गेलेला तुकडा, पुढं चला. जो आडवा राहू शकत नाही तो त्या खोलीत आजारी ठरत नाही, चुळबुळ्या ठरतो. कारण आजारी माणूस इथं येतच नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं! आणि येणारा तर काय, मरायला टेकला तरी बरं चाललंय म्हणणारा.

तिसऱ्यांदा तो कोपरावर आला तेव्हा व्हर्नाचं बोट कळेवर गेलं आणि तिथंच राहिलं. काही उसळून आलं नाही. रायनोचा चेहरा डोळ्यांपुढं वगैरे आला नाही. घोट्यावरचा खळगा, मागितलेली उशी आणि हे कोपर, एवढ्या तीन गोष्टी तिच्या डोक्यात एकापाठोपाठ येऊन बसल्या. तिनं तोंड उघडलं. आडव्या माणसाशी बोलायचं नाही, हा त्या खोलीतला सगळ्यात मोठा नियम.

"ड्वेन, घरी उशा किती घेतोस?"

काचेपलीकडं डॉक्टरीणबाईंनी मान वर केली.

"हं? बोलू नको म्हणालीस ना?"

"आता बोल. आडवं पडलं की दम लागतो का?"

"छे गं. बरंय माझं."

"खरंच?"

"खरंच. चालू दे तुझं."

झालं की दोनदा विचारून. रायनोला तिनं इतकंच विचारलं होतं, आणि दिवा मालवून आत गेली होती. काचेवर टकटक झाली. डॉक्टरीणबाई भुवया उंचावून विचारत होत्या, काय चाललंय? व्हर्नानं तिकडं पाहिलंच नाही. ती उठून कॉटपाशी गेली.

"ड्वेन, झोपतोस कुठं?"

तो पुन्हा कोपरावर आला.

"खुर्चीत," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"थँक्सगिव्हिंगपासून असेल, नोव्हेंबर संपता संपता. पाठीमुळं गं. पाठ धरते."

"पाठीमुळं नाही. उठून बस."

"अगं पण तुझी ती रेघ..."

"खड्ड्यात गेली रेघ. ऊठ म्हणते ना!"

तिनं त्याला काखेत हात घालून बसता केला. बसल्यावर त्यानं असा श्वास घेतला की तो इतका वेळ पाण्याखाली होता की काय असं वाटावं.

"मर्लिसला सांगू नकोस," मग तो म्हणाला. "उगाच घाबरेल ती."

"तिनं विचारलं नाही तुला?"

"विचारते की. मी म्हणतो बरंय." तो ओशाळून हसला. "तू उगाच बाऊ करतेस, व्हर्ना. रायनोची गोष्ट वेगळी होती."

"काय वेगळी होती?"

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आत आल्या. त्यांनी घोटा दाबून पाहिला, पाठीला नळी लावून ऐकलं आणि सरळ सांगितलं, "लिंडक्विस्ट, तुम्ही आमच्या अभ्यासातून बाद. आत्ता इथून थेट रुग्णालयात जायचं. घरी जायचं नाही, जेवायलाही नाही."

"नको, नको. मी जातो सावकाश. उद्या बघतो."

"मी विचारत नाही," टेक्ससची बाई म्हणाली. "सांगते आहे."

व्हर्नानंच त्याला आपल्या गाडीतून नेलं. वाटेत तो रुसून बसला होता. "कॉफी मिळेल म्हणाली होतीस," एवढं एकदा म्हणाला. तळ्याच्या कडेचा रस्ता लागला तेव्हा म्हणाला, "रायनो असता तर हसला असता मला." व्हर्ना म्हणाली, "असेल," आणि वळण घेतलं. रुग्णालयात त्याला लगेच आत घेतलं आणि ठेवून घेतलं. मर्लिस धावत आली, एका पायात घरातली चप्पल, एका पायात बूट, आणि तिनं व्हर्नाला गच्च मिठी मारली. व्हर्नाचे हात दोन्ही बाजूंना लोंबत राहिले. मिठी संपेपर्यंत ती मर्लिसच्या खांद्यावरून भिंतीवरची पाटी वाचत होती. चांगलं काम झालं, हे तिला समजत होतं. तोंडी हिशेब बरोबर आला की समजतं तेवढंच.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली. सकाळी स्वतःला चकत्या लावल्या, पडली, बसली, उभी राहिली. तिन्ही रेघा एकसारख्या. डॉक्टरीणबाई काचेतून बघत होत्या. त्या आत आल्या आणि म्हणाल्या, "काल तुम्ही एका माणसाचा जीव वाचवलात."

"हो ना," व्हर्ना म्हणाली आणि चकत्या सोलून काढल्या. कातडी लाल झाली.

शनिवारी संध्याकाळी ती स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच जेवत होती, तेव्हा फोन आला. मर्लिसचा.

"आला गं घरी, काल आला! किती पाणी काढलं म्हणून सांगू त्याच्या अंगातून. गोळ्या दिल्यात, सारखा बाथरूमला पळतोय आणि तुला शिव्या देतोय."

"देऊ दे," व्हर्ना म्हणाली.

"मीठ बंद केलंय त्याचं. मी म्हटलं, तुझ्या जिभेवर आहे तेवढं पुरे आहे." मर्लिस हसली, आणि मग तिचा आवाज एकदम खाली आला. "व्हर्ना, ऐक ना. काल रात्री आत येऊन झोपला. पलंगावर, माझ्या शेजारी, उताणा! आणि घोरायला लागला. पूर्वी मी लाथ मारायची गं त्याला घोरल्यावर. काल नुसती ऐकत पडले. मग त्यानं झोपेतच माझ्या पोटावर हात टाकला. एवढा जड हात, पण हलवला नाही मी."

"बरं झालं," व्हर्ना म्हणाली. "मर्लिस, माझं दूध उतू जातंय. ठेवते."

चुलीवर दूध नव्हतं. काहीच नव्हतं.

तिनं फोन ठेवला आणि तिच्या छातीत काहीतरी इतकं जोरात आपटलं की तिला ओट्याची कड धरावी लागली. हा आनंद असणार असं तिला वाटलं. तो आनंद नव्हता. ड्वेन जगला याचा तिला राग आला होता. त्याचा हात मर्लिसच्या पोटावर पडला याचा राग आला होता. मर्लिसनं तो हलवला नाही याचाही. तिनंच ज्याला गाडीत घालून नेलं, तो परत आलाच नसता तर बरं झालं असतं, असं पुरं एक श्वासभर तिच्या मनात येऊन गेलं आणि तिला स्वतःची शिसारी आली. पण राग थांबेना. तो ड्वेनला सोडून भलतीकडंच वळला.

"मी नाही विचारलं, कबूल!" ती रिकाम्या बैठकीकडं तोंड करून ओरडली. "दोनदा विचारून झोपायला गेले. चुकलंच माझं. पण तुला तोंड होतं ना रे? माझ्यासमोर बसून गुदमरत होतास रोज! गुदमरतंय गं, एवढं म्हणायला काय झालं होतं तुला? मी काय परकी होते? कॉफी देत होते का मी तुला, नको नको म्हणायला?"

तिनं ताटली भिंतीवर फेकली. मग ती रडायला लागली, तोंड उघडं टाकून, मोठ्यानं, रायनोचं नाव घेत. शेजारच्या घराचं दार उघडल्याचं तिनं ऐकलं, कुणीतरी बाहेर येऊन उभं राहिल्याचंही ऐकलं, आणि ती थांबली नाही.